बासुंदी कॉफीचा पहिला घोट

साखरेचा आजार निघाल्यापासून कीर्तीबाईंनी नवऱ्याला, म्हणजे धर्मपालांना, चहासुद्धा फिका पाजला होता. त्याच बाईंनी आज दूध आटवून बासुंदी केली, तिच्यात कॉफी फेटली, वर वेलची भुरभुरली आणि कप हसत हसत त्यांच्यापुढे ठेवला.

धर्मपालांना घाम फुटला. त्यांच्या घराण्यात पद्धतच होती, डॉक्टरांनी हात टेकले की माणसाला आवडीचं खाऊ घालायचं. वडिलांना शेवटच्या आठवड्यात रोज जिलेबी मिळाली होती. आणि काल दवाखान्यात कीर्ती डॉक्टरांशी एकटीच बोलत उभी होती.

“डॉक्टर काय म्हणाले गं?”

“काय म्हणणार? पुढच्या महिन्यात या म्हणाले.”

तिचा आवाज त्यांना जरा जास्तच मऊ वाटला.

“खरं सांग की. मी खंबीर आहे.”

“अहो, प्या की! निवतीय.”

त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. कॉफी लई झकास होती, त्यामुळे संशय पक्काच झाला. मनातल्या मनात त्यांनी स्कूटर जावयाला देऊन टाकली आणि पुन्हा कप उचलला. तेवढ्यात कीर्तीबाईंनी तो हिसकावला.

“बास! चव बघायला दिली होती, ढोसायला नाही. संध्याकाळी माझ्या मैत्रिणी येणार आहेत. डॉक्टर म्हणाले, यांना धाकात ठेवा, अजून खूप वर्षं काढायचीत.”

धर्मपालांच्या जिवात जीव आला. मरणाऱ्याचा एवढा बंदोबस्त कोण ठेवतो?

“एक घोट तरी दे की!” ते ओरडले, आणि ती नाही म्हणाली तसे आणखीच खूश झाले.