सोमराची जागा

शेंद्र्याच्या कारखान्यांच्या मागं म्हाळसाबाईंची पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. नवरा कडूबा असताना तिथं मेंढरांचा वाडा होता. चराईची रानं एमआयडीसीत गेल्यावर कडूबानं मेंढरं विकली आणि खोल्या बांधल्या. पुढं तोही गेला. मुलगा रामेश्वर कंपनीत लागला, आणि भाडेकरूंचं सगळं म्हाळसाबाई बघू लागल्या.

भाडेकरू कुठकुठले होते. बिहारचे, ओडिशाचे, हिंगोलीकडचे. गाव मात्र पूर्वीसारखंच मांडलेलं होतं. मध्यभागी काकासाहेबांची भावकी, टेकाडाकडं धनगरवाडा, नाल्यापलीकडं बौद्धवाडा, रोडलगत मुसलमानांचा मोहल्ला. नवीन आलेले लोक आता गावापेक्षा जास्त झाले होते, पण त्यांना एकच नाव होतं, बाहेरचे.

कडेच्या खोलीत सोमरा आणि फूलमनी हे झारखंडचं जोडपं राहायचं. सोमरा बांधकामावर जायचा. फूलमनी दुपारी म्हाळसाबाईंजवळ येऊन बसायची. तिला मराठी येत नव्हतं, म्हाळसाबाईंची हिंदी मोडकी होती, तरी दोघींचं बोलणं तास तास चालायचं. सोमरा कधी सांजच्याला बासरी वाजवायचा, तेव्हा म्हाळसाबाईंना रानातले दिवस आठवायचे.

उन्हाळ्यात सोमरा बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि जागीच गेला. दुसऱ्या दिवशी घाटीच्या सरकारी दवाखान्यातून प्रेत मिळालं. ठेकेदारानं ते अँब्युलन्समध्ये घालून खोल्यांपुढं आणून दिलं, आणि तेव्हापासून त्याचा फोन बंद लागू लागला.

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, कुठं न्यायचं ते सांगा. मला परत जायचंय."

म्हाळसाबाईंनी फूलमनीकडं पाहिलं. ती रडत नव्हती. पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. हळू आवाजात म्हणाली, "हमारे में गाड़ते हैं, माई."

म्हाळसाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या काकासाहेबांकडं गेल्या. काकासाहेब दहा वर्षं सरपंच होते. आता नव्हते, पण गाव त्यांनाच विचारून चालायचं. त्यांनी म्हाळसाबाईंना खुर्ची दिली, चहा सांगितला.

"नाव काय म्हणलात त्याचं?"

"सोमरा मुंडा."

"मुंडे? म्हंजे वंजारी का? मग त्यांच्या माणसांना फोन लावू की."

"मुंडे नाय, मुंडा. झारखंडचा हाय. आदिवासी."

"पुरायचं म्हणता, म्हंजे ख्रिश्चन असल."

"बाई म्हणती, ख्रिश्चन नाय. हिंदूबी लावत नाय ते लोक. त्यांचं येगळं असतंय."

काकासाहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हाळसाबाई, ह्या गावात समद्यांचं ज्याचं त्याचं ठरलेलं हाय. आमची जागा हाय, तुमची हाय, बौद्धवाड्याची हाय, मुसलमानांचं कब्रस्तान हाय. कुणी कुणाच्या जागेत पाय ठेवत नाय, म्हणून गाव शांत हाय. आता हा माणूस कशात बसतो ते तुम्हीच सांगा."

चहा आला. काकासाहेबांनी कप म्हाळसाबाईंपुढं सरकवला.

"तुमचा भाडेकरू हाय. तुमच्या समाजाच्या जागेत न्या. आमचं काय म्हणणं नाय."

चहा तसाच टाकून त्या टेकाडाकडं गेल्या. दीर खंडेराव समाजाचं बघायचे. ओट्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"वहिनी, त्या जागेला कंपाउंड करून घ्यायला माझे केस पांढरे झाले. आपण कितीदा तहसीलला गेलो, कितीदा शिव्या खाल्ल्या. आज ह्याला घेतलं, तर उद्या पत्र्याच्या खोलीतला जो मरंल तो आपल्यात येईल. मग आपल्या माणसांना जागा कुठं उरंल?"

"भाऊजी, मामंजी चराईला गेल्ते अन् गोदावरीच्या काठी वारले. दुसऱ्याच्या गावात. तिथल्या लोकांनी जागा दिली का नाय?"

"दिली."

"त्यांनी इचारलं व्हतं का, तुमी कोण म्हणून?"

खंडेरावांनी टेकाडाखालच्या कारखान्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "तव्हाचं येगळं व्हतं. तव्हा जमिनीला कुणी इचारत नव्हतं."

ऊन चढत होतं. अँब्युलन्सचा ड्रायव्हर सावली धरून उभा होता. म्हाळसाबाई परत आल्या आणि त्याला म्हणाल्या, "चल बाबा, माझ्या वावरात चल."

खोल्यांच्या मागं त्यांचं एक पडीक वावर राहिलं होतं. बांधाला बाभळ होती. ओडिशाच्या पोरांनी तिच्याजवळ खड्डा खोदला. बिहारचा मिस्त्री हात जोडून लांब उभा राहिला, पण फावड्याला त्यानं हात लावला नाही. "हम लोग अलग हैं," एवढंच म्हणाला. फूलमनीनं सोमराचा धुतलेला शर्ट आणि मूठभर तांदूळ आत ठेवले. माती लोटून झाल्यावर म्हाळसाबाईंनी बांधावरचे दगड आणून वर रचले.

रात्रपाळीला निघालेल्या रामेश्वरला हे कळलं, तेव्हा तो आईला म्हणाला, "मला एका शब्दानं इचारलं नाय."

"इचारलं असतं तर तू नाय म्हणला असतास," म्हाळसाबाई म्हणाल्या.

आठवड्यानं फूलमनी गावाकडं निघाली. जाताना बाभळीजवळ जाऊन आली. म्हाळसाबाईंना म्हणाली, "फिर आएँगे, माई. हड्डी ले जाएँगे. गाँव में बड़े पत्थर के नीचे सब पुरखे हैं. उसको भी वहीं रखना है." म्हाळसाबाईंनी तिच्या पदरात भाकरी बांधून दिल्या आणि सांगितलं, "मी हाय तवर त्याला कुणी हात लावणार नाय."

दिवाळीनंतर म्हाळसाबाई लेकीच्या, सायलीच्या, बाळंतपणाला बिडकीनला गेल्या. सव्वा महिना तिथंच राहिल्या. परत आल्या तर मागचं वावर सपाट झालं होतं. बाभळ नव्हती, बांध नव्हता. मुरूम टाकून रस्ता केलेला, दोन्ही बाजूंना फक्कीच्या पांढऱ्या रेघा. काकासाहेबांचा मुलगा गोकुळ शेजारी प्लॉटिंग करत होता. रामेश्वरनं वावर त्यात दिलं होतं. तो तुकडा कडूबाच्या मागं त्याच्याच नावावर लागला होता.

"दगड कुठायत?" त्यांनी विचारलं.

"भरावात गेले."

"अन् तो?"

रामेश्वर खाली बघून म्हणाला, "तो हाय तिथंच हाय. वर मुरूम पडला. गोकुळ म्हणला, मसनवाट्याशेजारी कोण प्लॉट घेईल. माय, आपल्याला ह्याच गावात राहायचंय. तू त्याला पुरलं त्या दिवसापासून लोक मला कंपनीत इचारतात, तुमच्यात आता झारखंडचे बी आले का म्हणून."

"ती बाई यायची हाय."

"तिकडून? हाडासाठी? कोण येतंय एवढ्या लांबून."

ती आली. संक्रांतीनंतर, सासऱ्याला घेऊन. म्हातारा वाळलेला, अंगावर धोतर आणि जाड घोंगडी, हातात कापडात गुंडाळलेलं नवं मडकं. दोन रात्री रेल्वेत बसून दोघं आले होते. फूलमनीनं खोल्यांच्या मागं येऊन पाहिलं आणि ती उभीच राहिली. तिला दिशाच लागेना.

म्हाळसाबाईंनी अंदाजानं जागा दाखवली. रस्ता झाल्यावर त्यांनाही नेमकं सांगता येईना. म्हाताऱ्यानं खाली बसून कुदळीनं मुरूम उकरायला सुरुवात केली, तेवढ्यात गोकुळ गाडी घेऊन आला.

"मावशी, हा रस्ता सरकारी नकाशात गेलाय. दोन्हीकडचे प्लॉट विकलेत. इथं खोदता येणार नाय."

त्याचा आवाज चढला नव्हता. फूलमनीनं सासऱ्याला त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हातारा उठला. त्याची नजर बाजूला उभ्या रामेश्वरवर गेली. "बेटा, तुम तो यहीं रहते हो. तुमको तो याद होगा?"

रामेश्वरनं गोकुळकडं पाहिलं, मग आईकडं. मग हात लांब करून रेघांच्या पलीकडं, नाल्याच्या काठाची पडीक जागा दाखवली. "वहाँ," तो म्हणाला.

म्हाळसाबाईंना ती जागा ठाऊक होती. तिथं त्यांच्या वाड्यातली मेलेली मेंढरं पुरायचे. बोलायला त्यांनी तोंड उघडलं. पण बोललं तर मुलगा साऱ्यांदेखत खोटा पडणार होता, आणि खरी जागा तरी म्हाताऱ्याला कोण खोदू देणार होतं? त्या गप्प राहिल्या.

म्हातारा नाल्याच्या काठावर खोदत राहिला. फूलमनी हातानं माती ओढत होती. बऱ्याच वेळानं हाडं लागली. म्हाताऱ्यानं एक उचललं, पुसलं, उन्हात धरलं. ते मेंढराच्या जबड्याचं हाड होतं. तो आयुष्यभर जनावरात राहिलेला माणूस. त्यानं ते जिथून काढलं तिथंच ठेवलं, वर माती सारली आणि हातानं थापटली.

"ये आदमी का नहीं है," तो म्हणाला. रामेश्वरकडं त्यानं पुन्हा पाहिलंही नाही.

फूलमनीनं मात्र म्हाळसाबाईंकडं पाहिलं. "माई, आपको मालूम था?"

म्हाळसाबाईंनी नजर खाली घातली. फूलमनीला ते पुरलं. तिनं मडकं पुन्हा कापडात गुंडाळलं. म्हाळसाबाई म्हणाल्या, जेवून जा, भाकरी टाकते. तिनं नको म्हणून मान हलवली. दोघं रोडपर्यंत चालत गेले आणि मिळाली त्या पहिल्या रिक्षात बसले.

त्या रात्री म्हाळसाबाई मुलाला एवढंच म्हणाल्या, "तू दाखवलंस, अन् मी दाखवू दिलं."

काही दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. नंतर सुरू झालं, कारण एका घरात किती दिवस न बोलता राहणार. मोटार चालू केली का, टाकी भरली का, कडेच्या खोलीचा नळ गळतोय, असं बोलणं. गावानं पुढं ग्रामसभेत ठराव केला की बाहेरच्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर घरमालकानं त्याला त्याच्या गावी पोचवायचं. खंडेरावांनी हात वर केला. रामेश्वरनंही केला.

सोमराची खोली महिनाभर रिकामी होती. मग एक नवराबायको विचारायला आले. बाईच्या कडेवर पोर होतं. दोघं ओडिशाचे आहेत म्हणाले.

"ते कळलं," रामेश्वर म्हणाला. "पण तुमच्यात कोण? कुठला समाज?"

माणूस चाचरला. त्यानं बायकोकडं पाहिलं, मग पायरीवर बसलेल्या म्हाळसाबाईंकडं पाहिलं, जणू बरोबर उत्तर कुठलं ते त्या सांगतील. म्हाळसाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.