घरीच तर आहेस

नवऱ्याला अभ्यासरजा मिळाली चार वर्षांपूर्वी. तेव्हा आतल्या खोलीचं दार बंद, चहा दाराशी, आणि आल्यागेल्याला सासूबाईंची ताकीद, "हळू बोला, त्याचं पुस्तक चाललंय." यंदा मला मिळाली. तिच्यातला अभ्यास दाराबाहेरच राहिला, घरात आली ती नुसती रजा.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. अठरा वर्षं शहराभोवतालच्या एकशे बारा विहिरींचं पाणी मोजत आले आहे, दर महिन्याला, फीत आत सोडून. दोन ट्रंका भरून वह्या झाल्या. त्यांचं पुस्तक करायचं होतं. दोन वर्षांनी निवृत्ती, म्हणजे माझी ही पहिली आणि शेवटची अभ्यासरजा. "परदेशात नाही गेलात?" असं स्टाफरूममध्ये कीव केल्यासारखं विचारायचे. विहिरी काय बॅगेत भरून न्यायच्या होत्या?

पहिल्याच आठवड्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, घरीच आहेस ना? माझ्याकडे वॉशिंग मशिनवाला येणार आहे, जरा जाऊन बस." गेले. मग सासूबाईंचे डोळे तपासणं, नवऱ्याचे बँकेतले कागद, शेजारणीच्या गॅसची टाकी. नाही म्हटलं की एकच उत्तर, "अगं, घरीच तर आहेस." विभागप्रमुखसुद्धा काही मागे नव्हते. "मॅडम, गावातच आहात तर तेवढे पेपर बघून टाका." महिनाभरात माझी चौदा पानं झाली आणि त्यातली सहा मी चिडून फाडली.

दुसऱ्या महिन्यात मी चक्क खोटं बोलले. जेवताना सांगितलं, कॉलेजनं रजा रद्द केली. "अरेरे," नवरा म्हणाला आणि मीठ मागितलं. सासूबाई तर दुसऱ्या दिवसापासून माझा डबा स्वतः भरून ठेवू लागल्या.

आमच्यापासून दोन गल्ल्यांवर एका म्हाताऱ्या शिंप्याचं दुकान आहे. वरची खोली कापडांच्या गठ्ठ्यांसाठी होती, त्यातली अर्धी मी घेतली. "घरात भांडण आहे का, ताई?" शिंपीकाकांनी विचारलं.

"भांडण नाही हो, घरात घर आहे," मी म्हटलं. त्यावर ते हसले आणि त्यांनी मला एक उंच स्टूल आणून दिलं.

दहाला जायचे, सहाला परतायचे, फोन बंद. खाली मशिनची घरघर, वर मी आणि माझ्या विहिरी. त्या पाच महिन्यांत नऊपैकी सात प्रकरणं झाली. मी सुखात होते, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

मग एका दुपारी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. शेजारणीनं उचललं, दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. नवऱ्यानं माझ्या कॉलेजात फोन लावला, तर कारकून म्हणाला, "मॅडम तर वर्षभर सुट्टीवर आहेत." संध्याकाळी मी डबा हलवत घरी आले तेव्हा सासूबाई, नवरा आणि धावत आलेली नणंद, तिघं माझी वाट पाहत बसले होते.

कुठे होते ते मी सांगून टाकलं. सासूबाईंनी प्लॅस्टरचा हात मांडीवर घेतला. "कामावर असतीस तर मी काही म्हटलं नसतं गं," त्या म्हणाल्या. "तोही कामावर होता, त्याला मी काही म्हटलं का?"

"आई, मीही कामच करत होते."

"दोन गल्ल्यांवर होतीस तू!" नवरा ओरडला.

"तुझ्या रजेत आईंना आठ दिवस ताप होता. तू शेजारच्या खोलीत होतास. तुला कळूसुद्धा दिलं नाही मी."

"त्याचा काय संबंध?" तो खरोखरच गोंधळला होता. "तेव्हा माझं पुस्तक चालू होतं."

तो लबाडी करत नव्हता, हेच मला सर्वांत जास्त लागलं. लबाडाशी भांडता तरी येतं.

आठवडाभर मी घरी राहिले, सासूबाईंची वेणी घातली, त्यांना भरवलं. आठव्या दिवशी पुन्हा शिंप्याकडे गेले. तासाभरात जिन्यावर नणंद हजर. "वहिनी, इथेच तर आहेस, आईचं प्लॅस्टर जरा डॉक्टरांना दाखवून आण ना." दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा निरोप घेऊन शेजारीण आली. आता ठिकाण सगळ्यांना माहीत झालं होतं, आणि माहीत असलेल्या ठिकाणी बसलेली बाई रिकामीच असते.

शेवटी मी उरलेली रजा रद्द करण्याचा अर्ज दिला. खराखुरा, सही करून. दोन प्रकरणं तशीच राहिली. तासांच्या आणि पेपरांच्या गर्दीत ती आता होत नाहीत, हे मी अठरा वर्षं बघितलं आहे.

"कंटाळलात ना घरी बसून?" विभागप्रमुख खूश होऊन म्हणाले.

सोमवारी मी निघाले तेव्हा सासूबाईंना पाणी हवं होतं. मी पर्स ठेवून वळले, तर त्यांनीच चांगल्या हातानं मला थांबवलं.

"राहू दे, मी घेते," त्या मायेनं म्हणाल्या. "तू निघ बाई, कामाला उशीर होईल."