नात्याचा रकाना

डार्लीन स्टॅम्परने अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरात वीस वर्षं नर्सगिरी केली होती. आता पंचेचाळिशीत ती नर्स प्रॅक्टिशनर व्हायला शिकत होती, म्हणजे पेशंट स्वतः तपासून औषध लिहून द्यायला. कॉलेज फी घेई, व्याख्यानं कॉम्प्युटरवर पाठवी. पण दवाखान्यात हाताखाली घेऊन शिकवणारं माणूस ज्याचं त्याने शोधायचं. लग्न आम्ही लावतो, नवरी तुम्ही आणा, असला हा कारभार.

एकतीस दवाखान्यांनी तिला नाही म्हटलं. ज्या डॉक्टरला तो शिकाऊ असताना तिनेच शीर शोधायला शिकवलं होतं, त्यानेसुद्धा वेळ नसल्याचा निरोप धाडला. शेवटी खोऱ्यातला एकुलता एक दवाखाना एकटीने चालवणारी नर्स प्रॅक्टिशनर व्हर्नेल फ्युगेट तयार झाली. तीही डिसेंबरात निवृत्त होणार होती. तोवर डार्लीन पास झाली नाही, तर दवाखान्याला कुलूप आणि दम्याच्या म्हाताऱ्यांना नव्वद मैलांची फरफट.

अर्जात 'शिकवणाऱ्याशी नातं' असा रकाना होता. डार्लीनने सरळ लिहिलं : नवऱ्याच्या आजीच्या चुलतबहिणीची सून. त्या डोंगरात ओळख सांगायची ती अशीच. कॉलेजने अर्ज फेटाळला. नातलग चालत नाहीत म्हणे.

तिचं डोकंच फिरलं. तिने कॉलेजातल्या प्रुइटबाईंना फोन लावला.

"बाई, इथं माझं कुणीच लागत नाही असं माणूस शोधायचं, तर बाहेरगावचा पोस्टमनच सापडेल. त्याच्याकडे शिकू का?"

प्रुइटबाई समजुतीने म्हणाल्या, "अहो, तो रकाना सक्तीचा नाहीये. कोरा ठेवला असता, तर कुणी विचारलंही नसतं."

"पेशंटच्या कागदावर अडचणीचं ते कोरं ठेवायचं, असंही शिकवता का तुम्ही?"

बाईंनी नवा अर्ज पाठवते एवढंच सांगून फोन ठेवला.

व्हर्नेल म्हणाली, "ठेव कोरा, पोरी. तुझ्या बाणेदारपणाने कुणाचा दमा बरा होणार आहे?" खरं होतं, म्हणूनच डार्लीनला जास्त झोंबलं. वीस वर्षांत तिने पेशंटच्या कागदावर एकही रकाना कधी रिकामा सोडला नव्हता. नात्याचा हा रकाना तिने सोडला आणि नवा अर्ज पाठवला.

दहा मिनिटांत मंजुरी आली. खाली लिहिलं होतं : संपूर्ण आणि प्रामाणिक माहिती दिल्याबद्दल आभार.

व्हर्नेल पोट धरून हसली. डार्लीनला रडू फुटलं, निव्वळ संतापाचं. मग तिने डोळे पुसले आणि पहिल्या पेशंटला आत बोलावलं.