छत्तीस स्पोकांचं चाक

तिसऱ्यांदा स्पोक तुटला तो चढावर. शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईंनी सायकल खांद्यावर घेतली आणि सहा किलोमीटर तंगडतोड करत घर गाठलं. दार दिराने उघडलं. त्याने वाकड्या चाकाकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"वहिनी, त्या बिचाऱ्या चाकाची काय चूक?"

बाई हसल्या खऱ्या, पण ते बोलणं मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दुकानात विक्रेत्याने काळ्या, चकचकीत रिमची चाकं पुढे केली. वीसच स्पोक, फुलासारखी हलकी. खोक्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: स्वार आणि सामान मिळून शंभर किलोपर्यंत. "विचार करून सांगते," म्हणून बाई बाहेर पडल्या.

मागच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री हाताने चाकं बांधत. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "वजन?"

"नव्वद."

मिस्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "चाक तुमच्यासाठी बांधायचं की शेजारणीसाठी?"

बाईंनी खरा आकडा सांगितला. "एकशे सोळा."

मिस्त्रींनी चपलेचा नंबर लिहावा तसा तो आकडा खडूने भिंतीवर लिहिला आणि तुटका स्पोक उजेडात धरला.

"चाकाच्या मधल्या हबजवळ, वाकणावरच तुटलाय. आधीचेही तिथेच?"

"हो."

"मग हे नुसत्या ओझ्याचं काम नाही. स्पोक सैल होते. सैल स्पोक दर फेऱ्याला हलतो आणि शेवटी थकून तुटतो. वजनाने ते लवकर झालं, इतकंच. खोट बांधणीत होती."

बाईंना हायसं वाटलं. त्या तिथल्याच स्टुलावर बसल्या.

मग ठरलं: मागे छत्तीस स्पोक, पुढे बत्तीस, रिम साधी पण रुंद. बत्तीस मिलिमीटर रुंदीचा टायर फ्रेमला घासत होता, म्हणून तीसचा.

"दिसायला अगदी सामान वाहणारी सायकल वाटेल हं," मिस्त्री म्हणाले.

"वाटू दे की. मला पोचवलं म्हणजे झालं."

चार दिवसांनी बाई गेल्या तेव्हा चाक स्टँडवर फिरत होतं, आऊट, म्हणजे वाकडेपणा, पार निघालेला. मिस्त्री बोटाने एकेक स्पोक छेडत होते. टिंग, टिंग, टिंग.

"थांबा, हा उतरलाय," बाई म्हणाल्या.

"कुठला?"

"गियरच्या बाजूचे सगळे एका सुरात आहेत. हा एकटाच खाली."

मिस्त्रींनी स्पोक दाबून पाहिला, किल्लीने पाव फेरा दिला. बाईंनी छेडला. "अजून किंचित. हं, लागला!"

"कान मंद झाल्यापासून मी बोटांवरच भागवतोय," मिस्त्री ओशाळून म्हणाले. "शनिवारी येत जाल का? तासभर, सूर लावायला?"

"येईन की," बाई म्हणाल्या. आणि खरंच जाऊ लागल्या.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, बाई चाळीस किलोमीटरवरच्या गावी थोरल्या बहिणीकडे गेल्या. वाटेत दोनदा उतरल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा निघाल्या. स्पोक एकही तुटला नाही.

बहिणीने दार उघडलं आणि पाहतच राहिली. "अगं, घामाघूम झालीस! बस चुकली का?"

"सायकलने आले, ताई."

"एवढ्या लांब? आणि परत कशी जाणार?"

"सायकलनेच," बाई बूट काढत म्हणाल्या. "आधी जेवायला वाढ."