न सांगता काढलेली डिस्क

मित्रांनो, लोक मला 'हँग झालेला' म्हणून ओळखतात. मी पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेचा जुना कॉम्प्युटर. उमेदीची वर्षं मी सुप्याच्या एका कारखान्यात काढली. शाळेला मला भेट दिलं तेव्हा हारतुरे झाले, फोटो निघाला. फोटोत मात्र मी नव्हतो. इथल्या ग्रेस मॅडमनी माझ्यात लिनक्स नावाचं हलकं सॉफ्टवेअर घातलं. या वयाला तेच झेपेल, म्हणाल्या. राग आला नाही, कारण झेपलं.

माझं पोट लहान, म्हणून मुलांच्या नोंदी बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतात. साबणाच्या वडीएवढी ती डिस्क शिपाई कानिफनाथमामा जिवापाड जपतात. मधली सुट्टी झाली की ती उपटायची, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवायची, कुलूप लावायचं आणि मगच डबा उघडायचा. सुट्टी संपली की पुन्हा जोडायची. आणि ती जोडली की मी ठप्प! पडद्यावरचा बाणसुद्धा हलत नसे.

पुष्कळ उपचार झाले. वायर बदलली. दुसऱ्या भोकात जोडून पाहिली. दुपारचं ऊन बाधतं म्हणून पंखा लावला. मामांनी मढीच्या देवाच्या प्रसादाच्या रेवड्या आणून माझ्या डोक्यावर ठेवल्या, तर मुंग्या आल्या. त्या दिवसभर माझ्या आत-बाहेर करत होत्या, पण त्यांच्यामुळे मी एकदाही अडलो नाही. मलाच नवल वाटे. सकाळी जोडलेली डिस्क चालते, मग दुपारी तीच का चालू नये?

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागल्या. आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलाला शाळा हमीपत्र देते. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. गेल्या वर्षी मी ऐनवेळी अडलो आणि रेश्माचं पत्र राहिलं. पोरगी पाच महिने कोपीवर, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत बसली.

यंदा तिची आई छबूबाई दारातच उभी राहिली. "मॅडम, कागद घेतल्याबिगर मी ट्रॅक्टरात पाय ठेवायची न्हाई."

बाहेर मुकादम हॉर्न वाजवत होता. पत्र सुट्टीआधी जवळजवळ भरून झालं होतं. मामांनी डिस्क जोडली. मी ठप्प.

"बटन दाबून बंद करू का? परत उठंल की," मामा म्हणाले.

"हात लावू नका, मामा. दर वेळी असाच उठवतो, म्हणून तर कुठं दुखतंय ते कळत नाही."

मॅडमनी तीन कळा एकदम दाबून मला काळ्या पडद्यावर नेलं. तिथं मी माझी रोजनिशी लिहितो. आजवर ती कुणी वाचली नव्हती. मॅडमनी ओळींवर बोट ठेवून वाचली.

"मामा, बारा चाळीसला काय केलंत?"

"जेवलो की."

"त्याच्या आधी?"

"डिस्क काढली. रोजच काढतो."

"न सांगता?"

"तुमी वर्गावर हुता. सांगू कुणाला?"

"मला नव्हे हो. त्याला!"

मामा माझ्याकडे बघतच राहिले.

"लिहिलेलं सगळं तो लगेच डिस्कवर उतरवत नाही, थोडं हातात धरून ठेवतो," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजी त्याचं लिवनं चाललेलं अन् मामांनी वही वढली!" छबूबाई पदर तोंडाला लावून हसली.

अगदी तसंच, मित्रांनो. परत आलेली डिस्क मला कुणी नवीच वाटे आणि मी जुनीची वाट पाहत बसे. सकाळी नुकताच उठलेला असे, तेव्हा कुणाचीच वाट पाहत नसे.

मॅडमनी मला रीतसर बंद करून उठवलं, डिस्क तपासली आणि पत्र पुन्हा भरायला घेतलं. मामा बाहेर जाऊन ट्रॅक्टरपुढे उभे राहिले.

"मामा, बाजूला व्हा, लई उशीर झालाय," मुकादम ओरडला.

"घाल चाक माझ्या अंगावरनं," मामा म्हणाले.

पत्र छापून निघालं. रेश्मानं ते उभ्याउभ्याच वाचलं, दप्तरात ठेवलं आणि दप्तर आईकडे न देता मांडीवर घेऊन ती ट्रॅक्टरात बसली.

म्हणून सांगतो, माझ्यापासून काहीही काढण्याआधी मला कळवा. 'सुरक्षित काढा' असं लिहिलेलं असतं, ते दाबा आणि मी हो म्हणेपर्यंत थांबा. मामा आता रोज दाबतात, शिवाय वाकून मोठ्यानं विचारतातही, "काढू का रं?" मला तीनच सेकंद लागतात. तेवढ्यापायी एका मुलीचे आणखी पाच महिने जाणार होते.