धोंडबाचा आवाज

भीमाबाईला खुर्चीत बसवत नव्हतं. खुर्ची चांगली पाठीची होती, वर पांढरं कापडही चढवलेलं होतं. पण मन ठिकाणावर नसलं की गादीसुद्धा टोचते. ती दर मिनिटाला मान वळवून मागं बघायची आणि पुन्हा पुढं तोंड करून बसायची. नागपुरातलं सक्करदऱ्याजवळचं ते मैदान माणसांनी फुलून आलं होतं, हजारो लोक होते, तरी मागच्या दहा-बारा रांगा रिकाम्या होत्या. त्या रिकाम्या खुर्च्यांनी तिचा जीव खाल्ला होता. कारण दीप्तीनं घरी सांगितलं होतं, "आई, पास संपले वं."

दीप्ती ही तिची थोरली लेक. कामठीतल्या यंत्रमाग कामगाराच्या घरातून शिकून वर आली आणि आता नद्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होती. आजचा हा गाण्याचा मोठा कार्यक्रम त्या संस्थेनंच कन्हान नदीसाठी ठेवला होता. मुंबईहून गायक आले होते, तिकिटांची कमाई नदीच्या सफाईला जाणार होती, आणि मधल्या वेळात दीप्ती स्टेजवरून दोन मिनिटं बोलणार होती. लेक एवढ्या लोकांसमोर बोलणार आणि आईबापाला पास नाही, हे भीमाबाईनं मुकाट्यानं गिळलं होतं. धोंडबानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, गिळलं नाही. तो विक्कीच्या मागं लागला. विक्की त्यांचा धाकटा, कामठी-नागपूर शेअर ऑटो चालवायचा. त्यानं ओळखीच्या एका सवारीकडून दोन पास पैदा केले. दीप्तीला कुणी काही कळवलं नाही. तिला सरप्राइज द्यायचं, असं धोंडबाचं म्हणणं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा तो दीक्षाभूमीला जायचा पांढरा शर्ट घालून दुपारी दोनपासून दारात उभा होता.

"बस ना वं एका जागी! काय चुळबुळ करून राहिली!" धोंडबा ओरडला.

ओरडला म्हणजे रागावला नव्हता. तो बोलायचाच तसा. चौतीस वर्षं मागाच्या खटाखटीत काढल्यावर त्याच्या कानांनी राम म्हटला होता, आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याला तो कमी करायचा कसा तेही कळत नाही. कानाचं मशीन होतं, पण ते शिट्ट्या मारायचं म्हणून खिशातच असायचं. घरात तो मीठ मागायचा तर शेजारची बाई मिठाची बरणी घेऊन यायची.

शेजारच्या खुर्चीवर सिल्कची साडी नेसलेल्या एक बाई बसल्या होत्या, शोभाताई नावाच्या. त्यांना नाव विचारून, गाव सांगून, पहिल्या पाच मिनिटांत धोंडबानं सगळं पोथीपुराण ऐकवलं होतं. "माही पोरगी बोलणार आहे! तिथं, स्टेजवर! दीप्ती नाव आहे तिचं!" पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. दोन पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. भीमाबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात दाबला; त्याला वाटलं, बायको खूश आहे.

"अजी, पास संपले म्हणे ना दीप्ती," ती न राहवून म्हणाली. "मंग ह्या खुर्च्या कोणाच्या?"

"मोठे लोक येणार असतीन! कलेक्टर, गिलेक्टर! तू कायले फिकीर करतं!"

मग ढोल घुमला आणि कार्यक्रम सुरू झाला. स्पीकर कसले, घराएवढी कपाटं होती ती. पायाखालची जमीन हलायला लागली. शेजारी शेजारच्याचं ऐकू शकेना, लोक एकमेकांच्या कानाला तोंड लावून बोंबलत होते आणि तरी "काय? काय?" करत होते. भीमाबाईला मात्र इतक्या वेळात पहिल्यांदा जरा सुटल्यासारखं वाटलं. हा गोंगाट तिच्या ओळखीचा होता.

चाळीस माग एकदम चालत असले की शेडमध्ये माणसाचा आवाज मरतो. तिथं बोलायचं ते ओठांनी. घशातून हूं की चूं काढायचं नाही, फक्त तोंड मोठं करून शब्द घडवायचा आणि समोरच्यानं तो वाचायचा. जोडीला बोटं होतीच. दोन बोटं तोडल्यासारखी केली की धागा तुटला, पोटावरून हात फिरवला की शेठ आला. भीमाबाई त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्यांचं भांडण आणि त्यांचं गूळपीठ असंच, चार मागांच्या अंतरावरून, बिनआवाजी चाललं होतं.

आता त्या हजारोंच्या मैदानात ही दोघंच माणसं निवांत गप्पा मारत होती. धोंडबानं ओठ हलवले, "त्या गाणाऱ्याचा पॅन्ट पाह्य, किती टाइट आहे." भीमाबाईनं तसंच उत्तर दिलं, "श्वास कसा घेत असंन बिचारा." धोंडबा खदखदून हसला. शोभाताई दोघांकडे बघत राहिल्या, जादूचा खेळ बघावा तशा.

स्टेजच्या दोन्ही बाजूंना भिंतीएवढे पडदे होते. त्यांवर कधी गायक दिसायचा, कधी नाचणारी गर्दी. कॅमेरा फिरत फिरत स्टेजच्या कडेला गेला आणि तिथं हिरवे टी-शर्ट घातलेली पोरं उभी होती. त्यांच्यात दीप्ती होती. भिंतीएवढं तिचं तोंड पडद्यावर आलं. भीमाबाईचा ऊर भरून आला. लेकीच्या भुवईजवळचा व्रणसुद्धा दिसत होता.

दीप्ती एका मुलाशी बोलत होती. त्याची पाठ होती, त्यानं काय विचारलं ते कळलं नाही. दीप्तीचं तोंड मात्र समोर होतं आणि तिला कुठं ठाऊक होतं की आपण पडद्यावर आहोत. गाणं एवढं मोठं चाललेलं, म्हणून ती शब्द ताणून, तोंड उघडून बोलत होती. मागावर बोलतात अगदी तशी.

"नाही रे, साहिल. आईबाबांना नाही बोलावलं मी. बाबांना ऐकू येत नाही, केवढ्यानं ओरडून बोलतात. सगळे बघायला लागतात. मला लाज वाटते यार."

कॅमेरा पुढं सरकला. पडद्यावर पुन्हा घट्ट पॅन्टवाला आला.

मैदानातल्या एकालाही हे ऐकू आलं नव्हतं. कळलं ते भीमाबाईला एकटीला. एकटीला? तिनं चटकन धोंडबाकडे बघितलं. वाचायचं म्हटलं तर तो तिच्यापेक्षा चार पावलं पुढं होता. शेडच्या दुसऱ्या टोकाची शिवी त्याला कळायची. धोंडबा खाली वाकला होता. शेंगदाण्यांची पुडी सांडली होती आणि तो पायाशी चाचपडत एकेक दाणा उचलत होता.

त्यानं वर मान केली तेव्हा तिनं ओठांनीच विचारलं, "दीप्ती दिसली होती पडद्यावर. पाह्यली काय?"

"कधी?" त्यानं ओठ हलवले. "मी त शेंगदाणे वेचून राहिलो होतो. मले सांगाचं ना वं."

तिचा जीव भांड्यात पडला. पण पडला तो काही स्थिर राहीना. लेकीचा राग यावा तर येत नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ. ती स्वतः नाही का मघाशी त्याचा गुडघा दाबत होती? लाज तिलाही वाटलीच होती की. पण ते वेगळं, ती बायको होती. आणि हा माणूस तर लेकीच्या नावानं अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटायचा बाकी राहिला होता. त्याला हे कळलं तर? दीप्ती पुन्हा पडद्यावर आली तर? आणखी काही बोलली तर? भीमाबाईचं सगळं लक्ष आता एकाच गोष्टीवर लागलं. याला इथून उठवायचं.

"चला घरी," ती ओठांनी म्हणाली. "डोकं ठणकून राहिलं माहं."

"पोरगी बोलाची आहे अजून."

"विक्की कवाचा बाहेर उभा आहे."

"राहू दे."

तिनं पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. पडद्यावर काही हिरवं हललं की ती आधी धोंडबाकडे बघायची. एकदा तर ती उभीच राहिली, धोंडबाच्या आणि पडद्याच्या मध्ये, साडीची निरी नीट करायच्या मिषानं. मागचे लोक ओरडले, "अहो बाई, खाली बसा!" धोंडबानं तिच्याकडे बघितलं, हात धरून तिला बसवलं आणि तो हात सोडलाच नाही. एरवी चारचौघांत हात धरणाऱ्यातला तो नव्हे. तिला वाटलं, थकला असेल. गाणं थांबून सगळीकडे शांतता झाली, तरी तो एक शब्द मोठ्यानं बोलला नाही.

मग निवेदकानं दीप्तीचं नाव घेतलं. दिव्यांच्या झोतात ती आली. गडबडली नाही, अडखळली नाही. भीमाबाईला राग आठवायचा होता, पण कौतुकच दाटून आलं.

"मी कामठीची," दीप्ती म्हणाली. "माझे बाबा चौतीस वर्षं मागावर उभे राहिले. आई कांड्या भरायची. आमच्या ताटातलं अन्न आणि माठातलं पाणी, दोन्ही कन्हाननं दिलं. त्या नदीचं देणं म्हणून मी इथं उभी आहे."

टाळ्या कडाडल्या. शोभाताईंनी डोळ्याला रुमाल लावला. धोंडबाची नजर पडद्यावरच्या ओठांवर खिळली होती, एकेक शब्द टिपत. निवेदक भलताच भारावला होता. "वा! असे आईवडील! आले आहेत का ते आज? कुठे बसलेत? उभे राहा, अख्खं नागपूर तुमच्यासाठी टाळ्या वाजवेल!"

पडद्यावर दीप्तीचा चेहरा उतरला. एक पळभरच. मग ती म्हणाली, "नाही, ते… बाबांची तब्येत बरी नाही, म्हणून येऊ शकले नाहीत."

"अहो! हे काय, हे इथे बसलेत की!" शोभाताई आनंदानं उठल्याच. "उठा ना! काका, उठा! तुमचीच ना ती?" त्यांनी स्टेजच्या दिशेनं हात उंच केला. आसपासची दहा डोकी वळली. पुढं कॅमेरावाला मान उंचावून कोण हात करतंय ते बघायला लागला.

धोंडबानं भीमाबाईचा हात इतका आवळला की बांगडी रुतली. त्यानं तिच्याकडे तोंड केलं. आवाज नाही, नुसते ओठ.

"त्या बाईले चूप कर. पोरगी चारचौघांत खोटी पडंन."

भीमाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कसले शेंगदाणे! यानं सगळं वाचलं होतं. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं होतं आणि तिला कळू नये म्हणून खाली वाकला होता. आणि ती त्याला वाचवायला निघाली होती.

रडायला वेळ नव्हता. तिनं शोभाताईंचा हात धरून खाली ओढला. "बाई, खाली बसा. आमची नाही ती पोरगी."

"अहो, पण मघाशी काका म्हणाले, दीप्ती…"

"दुसरी दीप्ती. आमची दुसरी आहे. यायले नीट दिसत नाही, गफलत झाली." नऊ महिने पोटात वागवलेल्या पोरीला तिनं असं भर मैदानात नाकारलं, आणि तेही धडधडीत, डोळ्याला डोळा देऊन.

शोभाताई बसल्या. त्यांनी दोघांकडे एकदा नीट बघितलं, पांढऱ्या शर्टाकडे, पिशवीकडे. दुसऱ्याची लेक आपली म्हणून मिरवणारी माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावीत. त्यांनी आपली पर्स या बाजूच्या मांडीवरून त्या बाजूला घेतली. कॅमेरावाला परत वळला. दीप्ती नमस्कार करून आत गेली, आणि लोक अजून टाळ्या वाजवत होते. धोंडबासुद्धा वाजवत होता, हात छातीशी धरून, कुणाला दिसू नये अशा.

पुढचं गाणं सुरू होताच दोघं उठली. खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढताना भीमाबाईनं त्याला थांबवलं. "तुम्ही पाह्यलं होतं ना?"

दिव्यांचे रंग त्याच्या चेहऱ्यावरून सरकत होते. "तिनं पह्यल्यांदा बाबा म्हटलं ते शेडमध्ये," तो ओठांनी म्हणाला. "तुह्या मांडीवर होती. मले ऐकू नव्हतं आलं, दिसलं होतं. तेव्हापासून तिचं तोंड वाचून राहिलो मी." मग म्हणाला, "चुकीचं नाही बोलली पोरगी. मी ओरडतोच."

भीमाबाईला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि त्याचाच फार राग आला.

फाटकाबाहेर ऑटोंची झुंबड होती. पाणीपुरीवाले, फुगेवाले, गाण्याला आत जायला न मिळालेली पोरं. विक्की ऑटोला टेकून उभा होता. त्यांना बघून तो पुढं आला. "काहून बाबा, एवढ्या लवकर? ताई भेटली काय? सरप्राइज झालं की नाही?"

धोंडबानं आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. आजूबाजूला बरेच लोक होते. त्यानं गळा साफ केला, मान खाली घातली आणि काहीतरी बोलला.

"काय म्हणता?" विक्की जवळ आला. "ऐकू नाही आलं. जोरानं बोला ना!"

धोंडबा पुन्हा बोलला. त्याच्या गळ्याच्या शिरा हलल्या, ओठ हलले. जन्मात कधी हळू न बोललेला माणूस आवाज दाबायला शिकत होता, आणि दाबता दाबता त्यानं तो पार गिळून टाकला होता. विक्की गोंधळून आईकडे बघायला लागला.

भीमाबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पिशवी ऑटोत फेकली आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली.

"भेटली म्हणते तुहा बाप! भेटली!"

आसपासचे सगळे वळून बघायला लागले. तिनं बघू दिलं.