फडताळामागची सिस्टर

कासिल्दाने कोपराने दोघा-तिघांना बाजूला सारलं आणि मठाच्या दारासमोर, गाडीच्या पायरीला खेटूनच उभी राहिली. तुलाही बुर्गोसला नेतायत की काय, असं शेजारच्या ओनेसिमोने विचारून घेतलं. तिने लक्ष दिलं नाही. आज तिला एकच हवं होतं, सिस्टर ओलिवाचा चेहरा बघायचा होता.

मठात पाचच जणी उरल्या, म्हणून मठ बंद करून त्यांना बुर्गोसच्या मठात हलवत होते. त्या कधी बाहेर येत नसत. सांतियागोला पायी निघालेल्या यात्रेकरूंसाठी कासिल्दा धर्मशाळा चालवायची आणि त्यांच्या न्याहारीला मठातली बदामाची बिस्किटं न्यायची. भिंतीत एक लाकडी फिरतं फडताळ होतं. पैसे ठेवले की ते फिरायचं आणि बिस्किटं यायची. माणूस दिसायचं नाही, फक्त सिस्टर ओलिवाचा आवाज यायचा. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला तोंडही होतं. नवरा गेला तेव्हा कासिल्दा त्या फडताळाशीच पोटभर रडली होती.

आवाज जरा घोगरा आणि बोली अस्सल इथली, आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरलेली. तेव्हा सिस्टर जवळच्याच कुठल्या खेड्यातली, आपल्याच वयाची, हे कासिल्दाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. उंच की ठेंगणी, एवढंच काय ते बघायचं राहिलं होतं.

मुलाने सेनेगलच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हाही ती इथेच येऊन फणफणली. त्या काळीला मी उंबरा ओलांडू देणार नाही, म्हणाली. मग फडताळ फिरलं आणि बिस्किटं गरम आहेत, जपून न्या, एवढंच ऐकू आलं.

दार उघडलं. चार वाकलेल्या म्हाताऱ्या बाहेर आल्या. कासिल्दा एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली, पण कुणी ओळख दाखवली नाही. पाचवी पन्नाशीची, धिप्पाड, आफ्रिकेतली, दोन्ही हातांत सगळ्यांच्या पिशव्या. ही सामान उचलायला आलेली असणार, असं समजून तिला वाट देऊन कासिल्दा पुन्हा दाराकडे बघू लागली.

"अजून एक यायच्यात," ती ओनेसिमोला म्हणाली.

"कासिल्दाबाई का?" मागून तोच घोगरा आवाज आला. "आवाजावरून ओळखलं. मला वाटायचं, तुम्ही उंच असाल."

कासिल्दा वळली. तिचे कान तापले.

"तुम्ही इथल्याच वाटायचात," ती कशीबशी म्हणाली.

"इथलीच की. केनियाहून आले तेव्हा विशीत होते. या म्हाताऱ्यांनीच बोलायला शिकवलं."

"मी काय काय बोलले हो तुमच्यापुढे."

"बोललात खरं," सिस्टर म्हणाली. "वाईट वाटायचं. पण तुम्ही यायच्या दिवशी फडताळाशी मी दुसरीला बसू दिलं नाही."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सिस्टरने पिशव्या आत ठेवल्या, एक पाय पायरीवर टाकला आणि थांबली.

"सुनेचं नाव काय?"

नाव कासिल्दाला ठाऊक होतं. मुलगा दर फोनला घ्यायचा. तिने ते आजवर एकदाही तोंडात येऊ दिलं नव्हतं. लाज गिळून तिने घेतलं, तर जीभ मध्येच अडखळली.

"पुन्हा म्हणा," सिस्टर म्हणाली.

"ऐसातू."

"आता नीट आलं," म्हणत सिस्टर गाडीत चढली.